मी कोल्हापुरात, बॅग हैदराबादेत!

दोन दिवसांची सुट्टी, पन्नास किलोमीटरच्या वर चाल आणि ट्रेकचे बूट दुसऱ्याच राज्यात... आता बोला!

उजळाईवाडी विमानतळावरचा सामानाचा पट्टा थोडा वेळ रिकामाच फिरला आणि थांबला. माझ्याबरोबर उतरलेली मंडळी आपापल्या बॅगा ओढत बाहेर पडली होती. उरलो मी. अंगात ऑफिसची फॉर्मल पँट, पायात लोफर्स आणि पाठीवर लॅपटॉप. म्हणजे ऑफिस माझ्याबरोबर कोल्हापूरला सुखरूप पोचलं होतं आणि सुट्टी मागे राहिली होती!

झालं असं की, गुरुवारी रात्री गुरगावच्या ऑफिसातून मी थेट विमानतळ गाठला. शुक्रवारी पहाटेचं दिल्ली-हैदराबाद, तिथून पुढे कोल्हापूर. मध्ये पंचावन्न मिनिटं. तिकीट काढताना पंचावन्न मिनिटं भरपूर वाटतात. पण दिल्लीचं विमान अर्धा तास उशिरा उतरलं आणि मी हैदराबादच्या टर्मिनलमध्ये लोफर्स घालून जो पळालो, तो माझा त्या वीकेंडचा पहिला स्पोर्ट. मी पोचलो. बॅगेला पाय नसतात.

बरं, सगळं चेक-इन करायची काय गरज होती? याचं उत्तर म्हणजे ट्रेकिंगची काठी. ती केबिनमध्ये नेता येत नाही. मग म्हटलं, नाही तरी एक बॅग खाली जाणारच आहे, तर बूट, रेनकोट, मोजे, हेडलॅम्प सगळंच टाकू तिच्यात. हात मोकळे! आता आठवलं की स्वतःचंच हसू येतं.

शनिवारी पहाटे आम्हाला पन्हाळ्यावरून निघायचं होतं. पन्हाळा ते पावनखिंड. १६६० च्या जुलैत, १२ आणि १३ तारखेच्या दरम्यान, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले ती ही वाट. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे लढले आणि तिची पावनखिंड झाली. दरवर्षी जुलैत भर पावसात शेकडो लोक ही वाट चालतात. तारीख आपल्या सोयीने पुढे ढकलता येत नाही, कारण सगळी गंमत त्या पावसात आणि त्या दिवसांत आहे.

माझ्या काकांनी ही वाट कितीतरी वेळा केली होती. दरवेळी दादाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, घेऊन. आणि दरवर्षी जूनमध्ये मला फोन यायचा, ‘या वर्षी येतोयस ना?’ मी दरवर्षी काहीतरी सांगायचो. रिलीज आहे, क्लायंट आलाय, अप्रेझल आहे. गेल्या हिवाळ्यात काका गेले. या जूनमध्ये फोन दादाने केला. त्याने विचारलंच नाही. ‘शनिवारी सहाला पन्हाळ्यावर,’ एवढंच म्हणाला आणि ठेवला. या वेळी मी रजा टाकली होती, मंजूरही झाली होती. आणि आता मी लोफर्समध्ये उभा होतो.

काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. त्याने संगणकात पाहिलं आणि सांगितलं, ‘सर, बॅग हैदराबादलाच आहे. उद्याच्या फ्लाइटला येईल.’

अशा वेळी आपण दोनपैकी एक चूक करतो. एक तर आरडाओरडा करतो, नाही तर ‘ओके, थँक यू’ म्हणून बाहेर पडतो. दुसरी चूक जास्त महाग. विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार नोंदवायलाच हवी. तिला म्हणतात प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट, थोडक्यात पीआयआर. तिच्यावर दहा अक्षर-आकड्यांचा संदर्भ क्रमांक असतो. पहिली तीन अक्षरं विमानतळाची (आपल्या कोल्हापूरची केएलएच), पुढची दोन कंपनीची आणि मग पाच आकडे. हा क्रमांक हातात नसेल तर पुढच्या प्रत्येक फोनला तुम्हाला पहिल्यापासून सगळी कहाणी सांगावी लागते. बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेली ती छोटी चिठ्ठी, जी आपण खिशात चुरगळतो, तीही जपायची. बॅगेचा खरा नंबर तिच्यावर असतो.

फॉर्मवर विचारलं होतं, बॅग कशी दिसते? काळी, चाकांची, मध्यम. हे लिहिताना लक्षात आलं की जगातल्या निम्म्या बॅगांचं वर्णन हेच असणार. आत काय आहे, या रकान्यात मी ‘हिरवी काठी, नारिंगी रेनकोट’ लिहिलं. त्याचा उपयोग होतो म्हणे. टॅग फाटून गेला तर बॅग उघडून आतल्या वस्तूंवरून मालक शोधतात. तेव्हा ‘कपडे’ असं मोघम लिहू नका. आणि बॅगेच्या आत नाव-फोनची एक चिठ्ठी टाकून ठेवा.

मी त्याला आणखी एक विचारलं, बॅग शेवटची कुठे स्कॅन झाली? हा प्रश्न कामाचा आहे. विमान कंपन्यांच्या आयाटा या जागतिक संघटनेचा एक ठराव २०१८ च्या जूनपासून लागू आहे. त्यानुसार सदस्य कंपन्यांनी बॅगेचा माग चार ठिकाणी ठेवायचा असतो: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्यात बदलताना आणि प्रवाशाला परत देताना. माझी बॅग दिल्लीच्या विमानातून उतरली होती, कोल्हापूरच्या विमानात चढली नव्हती. म्हणजे हरवली नव्हती, नुसती चुकली होती. मनाला तेवढंच बरं.

तसं पाहिलं तर बहुतेक बॅगा चुकतातच, हरवत नाहीत. सिटा ही विमान कंपन्यांना तंत्रज्ञान पुरवणारी संस्था दरवर्षी जगभरातल्या बॅगांचा हिशेब मांडते. २००७ साली हजार प्रवाशांमागे जवळपास १९ बॅगांचा घोळ होत होता. २०२४ साली हा आकडा ६.३ वर आला. त्यातल्या चारांपैकी जवळपास तीन बॅगा नुसत्या उशिरा येतात. आणि घोळाचं सगळ्यात मोठं कारण? विमान बदलताना बॅग मागे राहणं. माझी पंचावन्न मिनिटं आठवली!

उशिराचं दुखणं मात्र मुक्काम किती दिवसांचा यावर ठरतं. आठवडाभराच्या सुट्टीत एक दिवस उशीर म्हणजे नुसता वैताग. दोन दिवसांच्या ट्रेकमध्ये एक दिवस उशीर म्हणजे बॅग न आल्यातच जमा. दिल्ली-मुंबई असती तर चार तासांनी दुसरं विमान असतं. माझ्या कंपनीचं त्या मार्गावरचं पुढचं विमान होतं शनिवारी दुपारी. तोवर आम्ही म्हसाई पठार ओलांडून गेलेले असणार. काउंटरवरचा मुलगा पत्ता विचारत होता. मी ‘पन्हाळा’ म्हणता म्हणता थांबलो. ट्रेकच्या वाटेवर बॅग मागवून काय करणार होतो? काकूंचा राजारामपुरीतला पत्ता दिला आणि दुसरा नंबर म्हणून काकूंचा मोबाइल. त्या दिवसातला माझा हा एकमेव शहाणपणा.

बाहेर दादा उभा होता. त्याने माझ्याकडे वरून खाली पाहिलं, बुटांपाशी थांबला.

‘सामान कुठं हाय?’

‘हैदराबादला.’

‘आरं मग त्यात काय? तू आलास न्हवं? चल, आधी मिसळ खा. बुटाचं बघू.’

मिसळ खाताना मी मोबाइलवर बुटांची दुकानं शोधत होतो. दादाने मोबाइल उलटा करून ठेवला. ‘नवीन बूट घालून पन्हाळा-पावनखिंड? संध्याकाळपर्यंत पायाची भजी होतील.’

बोलणं खरं होतं. हातात अर्धा दिवस होता आणि काय विकत घ्यायचं, काय मागून आणायचं, कशावाचून भागवायचं याचा निकाल लावायचा होता. मोजे विकत घ्यायचे, ते कुणाचे मागत नाहीत. मेडिकलमधून चिकटपट्टी, व्हॅसलिन आणि ओआरएस. महाद्वार रोडवरून झटपट वाळणाऱ्या कापडाची ट्रॅक पँट आणि दोन टी-शर्ट. जीन्स अजिबात नाही, भिजली की पायाला बांधलेली गोणी होते. बॅटरी घरात होती. बूट मात्र मागूनच आणायचे आणि तेही वापरलेले, मऊ झालेले. नव्या कोऱ्या भारी बुटापेक्षा दुसऱ्याचा जुना, मापाचा बूट बरा.

गंमत म्हणजे आम्ही हे बोलत होतो चप्पल लाइनीतून जाताना! सगळ्या जगाला पायताण पुरवणारं गाव. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारख्याच चपला दिसल्या आणि केवढा गहजब झाला. त्या गावात मी अनवाणी असल्यासारखा हिंडत होतो. कोल्हापुरी घालून चिखलात चालायची हिंमत आमच्यात नव्हती. नवी असताना ती काय चावते, हे ज्याला चावली त्यालाच ठाऊक.

बूट निघाले तालमीतून. कोल्हापुरात तालीम म्हटलं की बाहेरच्याला फक्त कुस्ती आठवते. (पैलवानाचं बरं असतं, लंगोट हातातल्या पिशवीतसुद्धा मावतो. खासबागेच्या मैदानात उतरायला बॅगेज अलाउन्स लागत नाही.) पण इथल्या पेठांना फुटबॉलचंही तेवढंच वेड आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा पेठांमध्ये दुसरा विषय नसतो. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. दादाच्या एका मित्राकडे टर्फचे बूट होते. खाली बारीक रबरी ठिपके, नऊ नंबर, दोन सीझन खेळलेले. मी घालून तालमीच्या अंगणात दहा मिनिटं चाललो, जिना चढलो, उतरलो. अंगठा पुढे टेकत नव्हता, टाच उचलत नव्हती.

‘चिखलात धरतील,’ मित्र म्हणाला. ‘पण ओल्या दगडावर जपून हां भावा, तिथं ह्यांचा भरवसा न्हाय.’

उसने बूट घालायला मनातून थोडं अवघड वाटत होतं, खोटं कशाला बोला. तेव्हा मला सूर्यकुमार यादव आठवला. १ ऑगस्ट २०२२, सेंट किट्स, भारत विरुद्ध वेस्ट इंडिज, दुसरा टी-ट्वेंटी. संघांचं सामान त्रिनिदादहून वेळेत आलंच नाही. आपल्याकडे रात्री आठला सुरू होणारी मॅच आधी दहावर आणि मग अकरावर गेली. सूर्यकुमार सलामीला उतरला तो अर्शदीप सिंगच्या नावाची जर्सी घालून! पुढे आवेश खाननेही अर्शदीपचीच जर्सी चढवली. ओबेड मकॉयने १७ धावांत ६ बळी घेतले आणि आपण हरलो, त्यात जर्सीचा काही दोष नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दीपक चहर न्यूझीलंडहून ढाक्याला पोचला आणि मॅचच्या आदल्या दिवशी त्याने ट्विटरवर जाहीर केलं की चोवीस तास झाले, सामानाचा पत्ता नाही. तीही मॅच आपण एका विकेटने हरलो. जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्रिकेट बोर्डाच्या खेळाडूंची ही गत, तर माझ्या बॅगेची काय कथा!

रात्री घरी पसारा मांडला. बूट, मोजे, टेप, ट्रॅक पँट. उरला रेनकोट. दुकानात एक पाहिला होता, पातळ, शिवणीतून पाणी येईल असा, तरी घ्यायच्या बेतात होतो. काकू इतका वेळ स्वयंपाकघरात होत्या. त्या आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला आणि डकबॅकचा एक जाडजूड रेनकोट घेऊन बाहेर आल्या. घडीवर टाल्कम पावडर होती.

‘हा घे. ह्यांचा आहे. जड आहे, पण आत पाणी येत नाही.’

दादा ताटावरून उठून हात धुवायला गेला, जरा जास्तच वेळ. मी घालून पाहिला. बाह्या थोड्या आखूड होत्या.

शनिवारी सहाला पन्हाळ्यावर धुकं एवढं की बाजीप्रभूंचा पुतळा दहा पावलांवर येईपर्यंत दिसला नाही. तिथून उतरलो आणि चिखल सुरू झाला. टर्फच्या बुटांनी खरंच कमाल केली. नवीन भारी बूट घातलेली मंडळी घसरत होती आणि मी रुबाबात चाललो होतो. हा रुबाब पहिल्या ओढ्यापर्यंत टिकला. तिथल्या गुळगुळीत दगडावर पाय ठेवला आणि थेट बसलो. मित्राने सांगितलंच होतं. त्यानंतर प्रत्येक दगडावर दादाने वाटेत तोडून दिलेली वेळूची काठी आधी टेकायची आणि मग पाऊल. माझी दीड हजारांची हिरवी काठी त्या वेळी कुठल्या गोदामात पडली होती कोण जाणे.

म्हसाई पठारावर वारा असा की बोललेलं ऐकू येत नाही. पाऊस आडवा. माझ्या नारिंगी, हलक्या, श्वास घेणाऱ्या रेनकोटाची मला तिथे एकदाही आठवण झाली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. डकबॅक अंगाला चिकटतो, आतून घाम येतो, खांदे दुखतात. पण वारा आत शिरत नाही. खाली शेतात रोपलावण चालली होती. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या बायका वाकून काम करत होत्या. त्यातली एक आमच्याकडे पाहून दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. बहुतेक आमच्या अवताराला.

दुपारी दर दोन तासांनी मी मोजे काढत होतो, पाय पुसत होतो, व्हॅसलिन लावत होतो. उसन्या बुटांत हे करावंच लागतं. जिथे चुरचुरायला लागलं तिथे फोड यायच्या आधी टेप. दादाला वाटलं मी नखरे करतोय. मुक्कामाला करपेवाडीत पोचलो तेव्हा त्याच्या टाचेला फोड होता, माझ्या नव्हता. मी काही बोललो नाही. बोलायची इच्छा फार होती.

रात्री ज्यांच्या घरी जेवलो त्या आजोबांनी दादाला ओळखलं. मग माझ्याकडे, म्हणजे खुंटीवरच्या रेनकोटाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘आण्णा न्हाय आलं औंदा?’ दादाने सांगितलं. आजोबा थोडा वेळ गप्प बसले, मग आत जाऊन आणखी दोन भाकऱ्या घेऊन आले. आम्ही दोघांनी त्या खाल्ल्या, भूक नसताना.

रविवारी दुपारी पावनखिंड. गर्दी, घोषणा, ओढ्याला पाणी. दादा खिंडीच्या तोंडाशी बराच वेळ उभा होता. मी जरा लांब उभा राहिलो. मग आम्ही गाडीने मलकापूरमार्गे परत आलो. वाटेत रेंज आली आणि माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबरचे चार मिस्ड कॉल एकदम उगवले. शनिवारी चार वाजता बॅगवाला दारात उभा होता. काकूंचा नंबर दिलेला नसता तर बॅग पुन्हा उजळाईवाडीला गेली असती. काकूंनी सही करून घेतली होती. सही करण्याआधी कुलूप आणि चाकं पाहिली होती, हे विशेष. मी तेही केलं नसतं. बॅग फुटलेली असेल तर ती तक्रार वेगळी आणि लगेच करायची असते.

बॅग व्हरांड्यात उभी होती. कोरडी, स्वच्छ. उघडली तर नारिंगी रेनकोटाला किमतीचं लेबल तसंच. काकूंनी ते वाचलं. ‘एवढ्याला? दोन दिवसांसाठी?’

आता पैशांचं. देशातल्या देशात सामान हरवलं, मोडलं किंवा उशिरा आलं तर विमान कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे कमाल २० हजार रुपयांची. ही वरची मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. तुम्हाला खर्च दाखवावा लागतो, तो वाजवी असावा लागतो. परदेश प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला. त्यातली मर्यादा २०२४ च्या डिसेंबरअखेर वाढून १,५१९ एसडीआर झाली. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, आपल्या रुपयांत ही रक्कम दीड लाखाच्या पुढे जाते. मात्र बॅग हातात पडल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी तक्रार गेली पाहिजे. देशातल्या प्रवासालाही एवढे दिवस काढू नका, त्याच आठवड्यात ईमेल करा. ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर किती तासांच्या उशिरानंतर पैसे मिळतात, हे आधी वाचा. परतीच्या प्रवासाला ते लागू आहे का, हेही.

आणि बिलं! महाद्वार रोडवरच्या दुकानदाराने विचारलं होतं, ‘पक्कं पाहिजे का कच्चं?’ मी घाईत ट्रॅक पँटचं पक्कं घेतलं आणि मोजे-टी-शर्टाचं कागदाच्या चिठ्ठीवर. सोमवारी दिल्लीत पोचल्यावर पीआयआरचा क्रमांक, बॅगेच्या टॅगचा फोटो आणि बिलं जोडून ईमेल टाकला. पहिल्या ईमेलला आपोआप येणारं उत्तर आलं. दुसऱ्याला ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. तिसऱ्यानंतर पैसे आले. ट्रॅक पँटचे आणि मेडिकलचे, पै न पै. चिठ्ठीवरचे नाहीत.

परतीला मी ट्रेकचे बूट पायात घातले होते. ते अजून कोरे होते, कोल्हापूरचा चिखल त्यांना लागलाच नव्हता. टर्फचे बूट रविवारी रात्रीच धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून तालमीत परत केले. रेनकोट काकूंनी पुसून, पावडर टाकून, घडी घालून कपाटात ठेवला. जूनमध्ये फोन आला की बॅगेत रेनकोट टाकायचा नाही, एवढं दादाशी ठरलंय.